पालखीतली पुस्तकं आणि कपाटाची किल्ली



संयोजकांनी आम्हाला विषय दिला तो 'प्राथमिक शाळेतला वाचनोत्सव'. फोनवर त्यांनी हळूच सुचवलंही होतं, "जरा प्रेरणादायी होऊ द्या." तसं ते होईल की नाही सांगता येत नाही, कारण आज आम्ही या उत्सवाची समीक्षा करायची असं ठरवून आलोय. नाटकाची करतात, सिनेमाची करतात, तशी. शाळेतला कार्यक्रम ही सुद्धा बसवलेली गोष्टच असते. तिला संहिता असते, नेपथ्य असतं, ठरलेली पात्रं असतात, आणि हे सगळं नेमकं कुणासाठी चाललंय हा प्रश्न तिलाही विचारता येतो.

आधी आम्ही म्हणजे कोण, ते सांगून टाकतो. आम्ही चौघं आहोत. दोघं निवृत्त शिक्षक, एक ग्रंथपाल, एक बँकेतून मोकळा झालेला. गेली काही वर्षं पत्र्याची एक पेटी घेऊन जिल्हा परिषदेच्या शाळांतून हिंडतो. पेटीत दोन-अडीचशे पुस्तकं असतात. आज बोलायला एकाला उभं केलंय, पण बोलणं चौघांचं आहे, म्हणून 'आम्ही'. आणि एक कबुली: ज्या कार्यक्रमावर बोलणार आहोत त्यात आम्हीही पुष्कळदा प्रमुख पाहुणे म्हणून बसलेलो आहोत. शाल, श्रीफळ, गुलाबाचं फूल, सगळं घेतलेलं आहे. तेव्हा ही समीक्षा पात्रांपैकीच एकाकडून आहे असं समजा.

आपल्याकडे पुस्तकांचा सण म्हणाल तर शाळेच्या लेखी मुख्य दिवस एकच, १५ ऑक्टोबर, वाचन प्रेरणा दिन. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलामांचा जन्म १५ ऑक्टोबर १९३१ चा. जुलै २०१५ मध्ये ते गेले आणि त्याच वर्षापासून महाराष्ट्रात त्यांचा जन्मदिवस या नावानं साजरा व्हायला लागला. २३ एप्रिलचा जागतिक पुस्तक दिनही असतो म्हणा, पण एप्रिलात शाळा सकाळची, परीक्षा संपलेल्या किंवा संपत आलेल्या, मुलांचं लक्ष कैऱ्यांकडे. तो दिवस कागदावरच जातो. गंमत अशी की १५ ऑक्टोबर हाच जागतिक हात धुवा दिनही आहे. म्हणजे परिपाठ झाला की मुलं ओळीनं नळावर जातात, साबणानं हात धुतात, त्याचा फोटो. मग ओल्या हातांनी येऊन पुस्तकं धरतात, त्याचा फोटो. (हशा) हसू नका, दोन्हींची माहिती दुपारच्या आत लिंकवर भरायची असते.

सुरुवात बहुतेक ठिकाणी ग्रंथदिंडीनं होते. साहित्य संमेलनातून ती शाळेत आली, आणि संमेलनात वारीवरून. पालखी म्हणजे बहुधा स्टुलाला दोन बांबू बांधलेले, वर जरीचं कापड, झेंडूच्या माळा. मुली नऊवारीत, डोक्यावर तुळशीचं रोप. मुलगे पांढऱ्या टोपीत, कपाळाला बुक्का, गळ्यात टाळ. पुढे लेझीम. शाळेतून निघायचं, ग्रामपंचायतीवरून मारुतीच्या पारापर्यंत जायचं, परत यायचं.

या दिंडीची टिंगल करणारे लोक आम्ही पाहिलेत. आम्ही त्यांच्यात नाही. सगळ्या कार्यक्रमात जीव कुठे असेल तर तो तिथेच असतो. ज्या पोराला अजून धड वाचता येत नाही तोही लेझमीत पुढे असतो. ज्या आईनं कधी शाळेची पायरी चढली नाही ती ओवाळायला उंबऱ्यात येते. आणि वारीचं तरी काय आहे? अक्षरओळख नसलेल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या तुकोबांची गाथा ऐकून ऐकून तोंडात ठेवली. पुस्तक हातात नसताना पुस्तक जगवायची ही रीत आपल्या घरातली आहे. तिची लाज वाटायचं काही कारण नाही.

आमची तक्रार आहे ती पालखीत काय ठेवतात याबद्दल. सवयीनं आम्ही डोकावून बघतो. ज्ञानेश्वरी असते, गाथा असते, संविधान असतं, 'श्यामची आई' असते, 'अग्निपंख' असतं. थोर पुस्तकं. पण पहिली ते चौथीच्या मुलांनी यातलं कुठलं उघडलंय? 'श्यामची आई'सुद्धा, खरं सांगायचं तर, तिसरीतल्या मुलाच्या हातात देऊन 'जा, वाच' म्हणायचं पुस्तक नाही. ते रात्री कुणीतरी सांगायचं आणि बाकीच्यांनी भोवती बसून ऐकायचं पुस्तक आहे. साने गुरुजींनी त्याची मांडणीच तशी केलीय, एकेका रात्रीची. वारीत टाळ वाजवणाऱ्याला पालखीतलं पाठ असतं. शाळेच्या दिंडीत मात्र पालखीला खांदा देणाऱ्याला आत काय आहे ते ठाऊक नसतं.

एका दोनशिक्षकी शाळेत आम्ही वेगळं पाहिलं. तिथल्या बाईंनी पालखीत ठेवली होती ती मुलांनी वर्षभर वाचून वाचून खिळखिळी केलेली पुस्तकं. एकाचं मुखपृष्ठ गेलेलं, एकाला चिकटपट्टीच्या चार पट्ट्या, एकाच्या कोपऱ्याला तेलाचा डाग. गावातले एक आजोबा बाईंना म्हणाले, "अहो बाई, फाटकी पुस्तकं पालखीत? सांगायचं तरी, नवी आणून दिली असती." बाई म्हणाल्या, "आणून द्या ना बाबा, पुढच्या वर्षी तीही अशीच ठेवते." आम्ही पाहिलेल्या सगळ्या दिंड्यांमध्ये ही एकच अशी, जिच्यात मुलं पालखीतल्या पुस्तकांकडे बोट दाखवून 'हे माझं, हे मी वाचलंय' म्हणून भांडत होती.

दिंडी परत आली की पूजन. हळदकुंकू, उदबत्ती, फूल. पुस्तकाला पाय लागला तर नमस्कार करायचा हे आपण सगळेच लहानपणी शिकलो, त्यात वाईट काही नाही. पण सात वर्षांच्या मुलाला त्यातून एक गोष्ट फार पक्की कळते: ही जपायची वस्तू आहे आणि हिला हात लावताना आपलं चुकू शकतं. मग तेच मूल पुस्तक उघडताना बाईंकडे बघतं. आम्ही पेटी उघडून पुस्तकं सतरंजीवर पसरली की पहिली पाच-सात मिनिटं नेहमी तशीच जातात. कुणी हात लावत नाही. लावू का, असं डोळ्यांनी विचारतात.

भिंतीवर फलक असतो, 'वाचाल तर वाचाल'. शब्दांचा खेळ झकास आहे, कानाला गोड लागतो. पण म्हणणं काय आहे बघा. वाचलं नाहीत तर तुमचं काही खरं नाही. ही धमकी झाली. खेळाच्या मैदानावर 'खेळाल तर वाचाल' असं लिहावं लागत नाही, मुलं आपली आपण धावत जातात. गोष्ट ऐकायलाही धावतच येतात, कारण पुढे काय झालं ते कळल्याशिवाय राहवत नाही. ज्या गोष्टीची मुलांना मुळातच भूक असते तिच्यापाशी आपण भीतीचा फलक का लावतो, हे आम्हाला अजून उमगलेलं नाही.

भाषणांवर फार वेळ घालवत नाही. "आदरणीय व्यासपीठ" पासून "जय हिंद जय महाराष्ट्र" पर्यंत सगळं पाठ केलेलं असतं, आणि ज्या तीन मुलांना पाठ होतं तीच तीन मुलं दर वर्षी बोलतात. मग पाहुणे उठतात. मोबाइल सोडा, पुस्तक धरा, असं सांगतात. घरात असतो तो मोबाइल वडिलांचा, आणि सकाळीच त्यांच्याबरोबर शेतावर गेलेला. समोर गुरुजी मोबाइलवरच चित्रीकरण करत असतात. असो. ती भाषणं आम्हीच केलेली आहेत.

आता येतो सामूहिक वाचनाचा अर्धा तास. आम्हाला जे सांगायचंय ते इथून सुरू होतं.

एका शाळेत, गाव सांगत नाही, मुलं मैदानात ओळीनं बसवलेली. प्रत्येकाच्या हातात पुस्तक. शांतता इतकी की शेजारच्या गोठ्यातल्या घंटा ऐकू येत होत्या. आम्ही खुर्च्यांवर बसून बघत होतो. तिसरीच्या ओळीत एक मुलगा होता, मान खाली, तोंड गंभीर, पानं उलटतोय. इतका गढलेला की आमच्यापैकी एकानं त्याचा फोटो काढला आणि भाषणात त्याचं उदाहरण दिलं, "या बाळासारखं वाचायला हवं." टाळ्या झाल्या. तोच फोटो गुरुजींनी ग्रुपवर टाकला.

जेवणाच्या सुट्टीत त्याच्या वर्गाच्या बाई जवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "सर, त्याला अजून जोडाक्षरं सोडा, काना-मात्राही नीट येत नाही." मग आम्हाला उलगडा झाला. तो शेजाऱ्याकडे बघत होता. शेजाऱ्यानं पान उलटलं की हा उलटायचा. अर्धा तासभर त्यानं एकदाही चूक केली नाही. त्या मैदानात सगळ्यात जास्त लक्ष देऊन काही करत असलेलं मूल तेच होतं, फक्त ते वाचत नव्हतं. पकडलं जाऊ नये म्हणून जिवाचा आटापिटा करत होतं. आणि त्याचंच नाव आम्ही चारशे माणसांसमोर घेतलं.

असं मूल एखादंच असतं म्हणाल, तर तसं नाही. 'असर' नावाची पाहणी २००५ पासून होते, गावोगाव जाऊन मुलांना अक्षर, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट वाचायला देतात. ग्रामीण भारतात तिसरीतल्या ज्या मुलांना दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचता आली त्यांचं प्रमाण २०२२ मध्ये २०.५ टक्के होतं, २०२४ मध्ये २७.१ टक्के. सुधारणा झाली, चांगलंच आहे. तरी तिसरीच्या ओळीत दहा मुलं बसवलीत तर त्यातल्या सातांना हा मूकवाचनाचा अर्धा तास म्हणजे कशाची परीक्षा असते, याचा विचार करा. ज्याला वाचता येतं त्याचा तो उत्सव. ज्याला येत नाही त्याला त्या दिवशी पुरतं कळतं की हा सण आपला नाही. त्याच अर्ध्या तासात बाईंनी एक गोष्ट मोठ्यानं वाचून दाखवली असती, चित्रं फिरवून दाखवली असती, तर तो मुलगा शेजाऱ्याकडे बघत बसला नसता. मूकवाचनाचा फोटो चांगला येतो, मोठ्यानं वाचलेल्या गोष्टीचा येत नाही. एवढ्यासाठी ती मागे पडते असं आमचं प्रामाणिक मत आहे.

त्या दिवसानंतर आम्ही भाषणं थांबवली. त्याच सुमारास 'अग्निपंख' पुन्हा वाचायला काढलं. कलामांचं आत्मकथन, मूळ इंग्रजी १९९९ चं, अरुण तिवारींच्या साहाय्यानं लिहिलेलं. दर भाषणात आम्ही सांगायचो की कलाम लहानपणी वर्तमानपत्रं टाकत. ते खरंच आहे. दुसऱ्या महायुद्धात रामेश्वरमला गाडी थांबेनाशी झाली, पेपरांचे गठ्ठे चालत्या गाडीतून फेकायचे, आणि पेपरची एजन्सी असलेल्या शमसुद्दीन नावाच्या त्यांच्या चुलतभावाला ते गठ्ठे झेलायला हा मुलगा मदत करायचा. पण ही कष्टाची गोष्ट झाली. वाचनाची गोष्ट त्याच पुस्तकात आहे, तीही दोन-चार वाक्यांत, आणि आम्ही ती इतकी वर्षं ओलांडून जात होतो. कलाम सांगतात की त्या काळी रामेश्वरमला पुस्तकं दुर्मीळ होती, पण एस. टी. आर. माणिकम नावाचे एक जुने क्रांतिकारी वळणाचे गृहस्थ होते आणि त्यांच्या घरी बऱ्यापैकी पुस्तकं होती. ते या मुलाला भरपूर वाच म्हणून सांगत आणि हा त्यांच्या घरी वरचेवर जाऊन पुस्तकं घेऊन येई.

एवढंच. माणिकमांनी दिंडी काढली नाही. त्यांनी घराचं दार उघडं ठेवलं आणि पुस्तकं घरी नेऊ दिली.

आता बघा, १५ ऑक्टोबरच्या आमच्या सगळ्या भाषणांतून माणिकम गायब कसे होतात? आम्हाला वाटतं यात आपली, मोठ्यांची, सोय आहे. गोष्ट गठ्ठे झेलण्याची सांगितली की जबाबदारी मुलावर येते: कष्ट कर, जिद्द ठेव, प्रेरणा घे. गोष्ट माणिकमांची सांगितली की जबाबदारी आपल्यावर येते, आणि लगेच कुणीतरी विचारेल, मग आपल्या गावातले माणिकम कोण? दिवसाच्या नावातच 'प्रेरणा' आहे. म्हणजे मुलात प्रेरणा कमी आहे असं आपण धरूनच चाललोय. आमच्या पेटीभोवती जमलेल्या मुलांकडे बघून आम्हाला तरी तसं कधी वाटलं नाही. त्यांचा प्रश्न एकच असतो, "घरी नेऊ का?"

आणि शाळेकडे पुस्तकं नसतात असंही नाही. १९८७ मध्ये खडू-फळा मोहीम सुरू झाली तेव्हापासून प्राथमिक शाळांना थोडीफार पुस्तकं मिळत आलीत. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, त्याच्या परिशिष्टात स्वच्छ लिहिलंय की प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं, त्यात वर्तमानपत्र, मासिकं आणि गोष्टींची पुस्तकंसुद्धा हवीत. समग्र शिक्षा योजनेत प्राथमिक शाळेला वर्षाला ५,००० रुपयांपर्यंत ग्रंथालय अनुदानाची तरतूद आहे. कशी पुस्तकं येतात हा वेगळा भाषणाचा विषय आहे. बारीक टायपात छापलेली थोरांची चरित्रं ढिगानं, आणि पहिलीच्या मुलाला हवं तसं, पानभर चित्र नि खाली एक ओळ, असं पुस्तक शोधून सापडत नाही. तरीही पाच-पंचवीस बरी पुस्तकं प्रत्येक शाळेत निघतातच. नॅशनल बुक ट्रस्टची असतात, प्रथमची असतात, कुठे माधुरी पुरंदऱ्यांचं एखादं. ती असतात मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात. किल्ली ड्रॉवरमध्ये, ड्रॉवरची किल्ली खिशात.

पहिल्यांदा आम्ही याला आळस म्हणायचो. एका मुख्याध्यापकांनी आमची कानउघाडणी केली, तीही चहा पाजून. त्यांनी डेडस्टॉक रजिस्टर काढून समोर ठेवलं. शाळेतलं टेबल, घंटा, वजनकाटा आणि गोष्टीचं पुस्तक एकाच वहीत. म्हणाले, "चार्ज घेताना मी हे सगळं मोजून घेतलं. देताना मोजून द्यायचंय. पुस्तक कमी भरलं तर ऑडिटवाला मला विचारणार, पोराला नाही." खरोखर वसुली निघते का, तो भाग वेगळा. भीती खरी असते. पंधरा वर्षांत निर्लेखनाचा प्रस्ताव त्यांनी एकदाही पाठवला नव्हता, कारण कुणीच पाठवत नाही. घंटा आणि पुस्तक यांतला फरक त्या वहीला ठाऊक नाही. घंटा पन्नास वर्षं टिकली तर ती चांगली घंटा. गोष्टीचं पुस्तक प्राथमिक शाळेत पन्नास वर्षं कोरं टिकलं तर त्याचा अर्थ काय?

एस. आर. रंगनाथनांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. पहिलाच नियम असा, की पुस्तक वापरण्यासाठी असतं. इतकं उघड वाक्य नियम म्हणून का लिहावं लागलं? तर त्यांनीच त्या प्रकरणात युरोपातल्या जुन्या ग्रंथालयांचं सांगितलंय, तिथे पुस्तकं साखळीनं फळीला बांधून ठेवत. आमच्यातल्या ग्रंथपालबाई म्हणतात, आपण साखळी सोडली आणि रजिस्टर आणलं.

याच मुख्याध्यापकांची पुढची हकीकत सांगतो, नाहीतर त्यांच्यावर अन्याय होईल. शाळा बीड-नगरच्या सीमेकडची. दिवाळीच्या आगेमागे निम्मी घरं ऊसतोडीला जातात. काही मुलं आजी-आजोबांकडे राहतात, काही आईबापांबरोबर फडावर. आमचं बोलणं झालं त्या वर्षी त्यांनी जाणाऱ्या मुलांना प्रत्येकी एक पुस्तक दिलं. अकरा पुस्तकं गेली. आम्ही आमच्या पेटीतली देतो म्हणालो, तर म्हणाले, "नको, शाळेची देतो. बघू काय होतं ते." माणूस जिद्दी. मे महिन्यापर्यंत सात परत आली. एक भिजून फुगलेलं, एकाच्या पाठीमागच्या कोऱ्या पानावर मजुरीचा हिशेब मांडलेला, कोयत्याचे दिवस आणि उचल. चार आलीच नाहीत. एका मुलीनं सांगितलं, कोपीत धाकट्यांना वाचून दाखवायचे, मग शेजारच्या कोपीतल्यांनी मागून नेलं, ते पुढच्या कारखान्याला गेले. त्या चार पुस्तकांची छापील किंमत मिळून १४० रुपये भरली. मुख्याध्यापकांनी निर्लेखनाचा अर्ज लिहिला, आयुष्यातला पहिला. कारण या रकान्यात काय लिहायचं यावर त्यांनी आम्हाला फोन केला. आम्ही म्हणालो, 'वाचनात खर्च'. ते म्हणाले, तसं चालणार नाही, 'जीर्ण' लिहितो. (हशा)

या १४० रुपयांपुढे एका वाचन प्रेरणा दिनाचा फ्लेक्स ठेवून बघा. फ्लेक्स त्याहून महाग असतो, आणि त्यावर पुस्तकापेक्षा माणसांचे चेहरे जास्त.

हे सगळं नवं आहे असंही नाही. गिजुभाई बधेकांचं 'दिवास्वप्न' तुमच्यापैकी शिक्षकांनी डी.एड.ला वाचलं असेल, निदान त्यावरचा प्रश्न तरी सोडवला असेल. भावनगरच्या या माणसाबरोबर काम करून आपल्या ताराबाई मोडक महाराष्ट्रात आल्या आणि बोर्डी-कोसबाडला बालशिक्षण रुजवलं, म्हणजे नातं घरचंच आहे. त्या पुस्तकातला काल्पनिक मास्तर चौथीच्या दंगेखोर वर्गात जातो, गोष्ट सांगायला सुरुवात करतो, आणि पुढे पाठ्यपुस्तकांच्या पैशांतून वर्गाचं वाचनालय उभं करतो. आज वाचताना आम्हाला त्याच्या पद्धतीपेक्षा त्याचा क्रम महत्त्वाचा वाटतो. आधी तोंडी गोष्ट, मग हाताशी असलेली पुस्तकं. उत्सव त्यात नंतर येतो, मुलांनी मिळून काहीतरी केलं म्हणून येतो. आपण उत्सवापासून सुरुवात करतो आणि तिथेच संध्याकाळ होते.

कुणी म्हणेल, मग १५ ऑक्टोबर बंद करायचा का? मुळीच नको. तारीख तर फार मोक्याची आहे. पहिल्या सत्राची परीक्षा तोंडावर असते किंवा नुकती झालेली असते, आणि लगेच दिवाळीची सुट्टी. मराठी माणसाला दिवाळी आणि वाचन यांचं नातं सांगायला नको. का. र. मित्रांच्या 'मनोरंजन'नं १९०९ मध्ये दिवाळी अंक काढला तेव्हापासून ते चालू आहे. पण ज्या घरांत दिवाळी अंक कधी आला नाही त्या घरांतली मुलं याच शाळांत आहेत. त्यांना सुट्टीत वाचायला काही नसतं आणि शाळेचं कपाट नेमकं त्याच पंधरा दिवसांत कुलुपात असतं. वाचन प्रेरणा दिनाच्या संध्याकाळी प्रत्येक मुलाच्या दप्तरात एक पुस्तक घरी गेलं, सुट्टीनंतर आलं, नाही आलं तर चौकशी न करता दुसरं दिलं, तर कार्यक्रमाचं बाकी सगळं, लेझीम, झेंडू, आमच्यासारखे पाहुणेसुद्धा, आम्हाला मंजूर आहे. पुस्तकं कमी पडतात म्हणाल, तर बालभारतीचं 'किशोर' १९७१ पासून निघतंय, त्याचे जुने अंक संकेतस्थळावर फुकट आहेत, छापून टाचून देता येतात. दोन शाळांनी तसे दिलेत. टाचण्या गंजल्या, अंक वाचले गेले.

आणि तो तिसरीतला मुलगा. जानेवारीत आम्ही पुन्हा त्या शाळेत गेलो, पेटी घेऊन, कार्यक्रम नसताना. फोटो दाखवला नाही, काही बोललो नाही. सतरंजीवर बसून एक चित्रांचं पुस्तक मोठ्यानं वाचलं, पहिली ते चौथी सगळी मुलं एकत्र. तो लांब खांबाला टेकून बसला होता. दुसऱ्यांदा वाचताना जरा पुढे सरकला. तिसऱ्यांदा वाचताना एका ठिकाणी आम्ही मुद्दाम थांबलो, तर पुढचं वाक्य त्यानं म्हटलं, मोठ्यानं, शेजाऱ्याकडे न बघता. वाचून म्हटलं की आठवून म्हटलं? आठवूनच. बाईंनी ते पुस्तक त्याला घरी दिलं. आमच्या वहीत त्याच्या नावापुढे 'दिलं' या रकान्यात तारीख आहे, 'आलं' हा रकाना अजून कोरा आहे, आणि आम्ही विचारायला गेलेलो नाही.

वेळ झालेली दिसतेय. आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतल्या ताईंचा हात मघापासून वर आहे, त्यांच्याकडे माइक द्या.